डॉ. इरावती कर्वे : संसार आणि संशोधन

ब्रह्मदेशातील इरावती नदीचे नाव धारण करणाऱ्या इरावतीबाईंचा जन्म १९०५ साली तेथेच झाला. शिक्षणासाठी सातव्या वर्षी त्या पुण्यास हुजूरपागेत आल्या. पुढे डॉ. घुर्ये यांच्या मार्गदर्शनाखाली १९२८ साली त्या एम. ए. झाल्या. महर्षी कर्वे यांचे चिरंजीव, फर्ग्युसन कॉलेजातील रसायनशास्त्राचे प्राध्यापक दिनकरराव हे त्यांचे पती.

पत्नीने जर्मनीस जाऊन संशोधन करावे, अशी दिनकररावांची इच्छा होती. नवल असे की, स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचणाऱ्या महर्षींचाच या बेतास विरोध होता. घरच्या सुनेची वेळ आली की थोरांचेही पाऊल अडखळते! पण दिनकरराव बधले नाहीत. इरावतीबाई बर्लिनला गेल्या व १९३० साली डॉक्टरेट मिळवून परतल्या.

१९३९ पासून त्या डेक्कन कॉलेजात होत्या. घरी तीन मुले; आणि मानववंशशास्त्र म्हणजे गावोगाव, रानोमाळ हिंडणे आलेच. अशा वेळी घराचा भार दिनकररावांनी आनंदाने उचलला. पश्चिम खानदेशातील भिल्लांच्या जीवनाची पाहणीही इरावतीबाईंनी केली. आपला नंदुरबार जिल्हा त्याच मुलखातला. ‘युगान्त’ लिहिणाऱ्या या विदुषी १९७० साली निवर्तल्या.

आज आपल्या वर्गांत मुली पुष्कळ आहेत. पण लग्नानंतर त्यांच्यापैकी किती जणी संशोधनाकडे वळतील? इरावतीबाईंची बुद्धी सर्वांनाच लाभत नाही. दिनकररावांचे मन मात्र आपल्यापैकी प्रत्येक मुलाला घडवता येईल.