उपेंद्रकिशोर रायचौधुरी : अक्षर, चित्र आणि बालवाचक

भारतीय भाषांतील बालसाहित्याचा इतिहास लिहिताना बंगालीतील उपेंद्रकिशोर रायचौधुरी यांचे नाव टाळून पुढे जाता येत नाही. मात्र त्यांच्या कार्याची नोंद बहुधा तीन निरनिराळ्या प्रकरणांत विभागली जाते. लोककथांचे पुनर्कथनकार म्हणून ते साहित्याच्या इतिहासात येतात, हाफटोन ठशांचे संशोधक म्हणून मुद्रणाच्या इतिहासात येतात, आणि मुलांसाठी त्यांनी केलेले विज्ञानलेखन कोठे तरी तळटीपेत उरते. त्यांचे चरित्र सलगपणे पाहिले असता ही विभागणी टिकत नाही. बालवाचकाला जे द्यावयाचे ते खरे असले पाहिजे, आणि ते खरे असेल तर ते नीट दिसलेही पाहिजे, या एकाच आग्रहातून हे तिन्ही व्याप निर्माण झाले, असे म्हणावे लागते.

उपेंद्रकिशोरांचा जन्म १८६३ च्या मे महिन्यात, तत्कालीन मैमनसिंह जिल्ह्यातील मसुया या गावी झाला. हे गाव आज बांगलादेशातील किशोरगंज जिल्ह्यात येते. त्यांचे मूळ नाव कामदारंजन. वडील कालीनाथ राय संस्कृतबरोबरच अरबी व फारसी भाषांचेही व्यासंगी असून श्यामसुंदर मुनशी या नावाने ओळखले जात. कामदारंजन पाच वर्षांच्या सुमारास असताना नात्यातील जमीनदार हरिकिशोर रायचौधुरी यांनी त्यांना दत्तक घेतले आणि त्यांचे नाव उपेंद्रकिशोर ठेवले. थोरले बंधू शारदारंजन पुढे संस्कृत व गणिताचे अध्यापक आणि बंगालमधील क्रिकेटचे एक आद्य प्रवर्तक म्हणून प्रसिद्धीस आले; धाकटे बंधू कुलदारंजन आणि प्रमदारंजन यांनीही मुलांसाठी लेखन केले. विद्या, खेळ आणि गोष्ट ही तिन्ही या घराण्यात सहज एकत्र नांदत होती.

मैमनसिंहच्या जिल्हा शाळेतील शिक्षण पुरे करून उपेंद्रकिशोर कलकत्त्यास आले. प्रथम प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकून पुढे १८८४ मध्ये मेट्रोपॉलिटन इन्स्टिट्यूशनमधून ते बी. ए. झाले. चित्रकला आणि संगीत यांची ओढ त्यांना बालपणापासून होती. व्हायोलिनवादनात त्यांनी नाव मिळविले आणि ब्रह्मसंगीतातही रचनेची भर घातली. याच काळात त्यांनी साधारण ब्राह्मसमाजाचा स्वीकार केला. दत्तक घराणे परंपरानिष्ठ असल्यामुळे हा निर्णय सोपा नव्हता. समाजसुधारक द्वारकानाथ गंगोपाध्याय यांची कन्या विधुमुखी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. कॉर्नवॉलिस स्ट्रीटवरील ज्या मोठ्या घरात या दांपत्याचा संसार सुरू झाला, तेथेच द्वारकानाथ आणि त्यांच्या द्वितीय पत्नी, डॉक्टर कादंबिनी, राहत असत. स्त्रीशिक्षण, मुलांची शाळा आणि समाजाची उपासना यांचा वावर त्या एका वास्तूत होता.

बंगालीत मुलांसाठी स्वतंत्र नियतकालिके निघू लागली होती, तो हाच काळ. प्रमदाचरण सेन यांनी १८८३ मध्ये ‘सखा’ सुरू केले आणि विद्यार्थी असतानाच उपेंद्रकिशोर त्यात लिहू लागले. १८९५ मध्ये शिवनाथ शास्त्रींच्या संपादकत्वाखाली ‘मुकुल’ निघाले, त्यातही ते लिहीत राहिले. मराठीत विनायक कोंडदेव ओक यांनी १८८१ मध्ये ‘बालबोध’ मासिक सुरू केले होते, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे. भारताच्या दोन टोकांना, जवळजवळ एकाच वेळी, मुलांना ज्ञान मातृभाषेतून द्यावे ही जाणीव आकार घेत होती. उपेंद्रकिशोरांचे वेगळेपण असे की, त्यांच्या मनातील ज्ञान केवळ शब्दांत मावणारे नव्हते. प्राण्यांविषयी, आकाशातील ग्रहताऱ्यांविषयी सांगताना वर्णन कोठे संपते आणि चित्र कोठून सुरू व्हावे लागते, याचे भान त्यांच्यातील चित्रकाराला होते.

हे भान किती महाग पडते याचा अनुभव त्यांना ‘छेलेदेर रामायण’ या पहिल्याच पुस्तकाच्या वेळी आला. मुलांसाठी सोप्या गद्यात सांगितलेल्या या रामायणासाठी चित्रे त्यांनी स्वतः काढली होती. परंतु त्या काळच्या पद्धतीनुसार ती लाकडी ठशांवर कोरण्यात आली, आणि कोरणाऱ्याच्या हाताखालून जाताना त्यांतील छटा, अंतर, चेहऱ्यांवरील भाव हे सारे नाहीसे झाले. दुसरा एखादा लेखक मुद्रकाला दोष देऊन स्वस्थ बसला असता. उपेंद्रकिशोरांनी मुद्रणाचे शास्त्रच अभ्यासावयास घेतले. लंडनच्या पेनरोझ या कंपनीकडून पदरचे पैसे घालून त्यांनी कॅमेरा आणि अन्य साहित्य मागविले आणि १८९५ मध्ये ठसे तयार करण्याचा व्यवसाय सुरू केला. तोच पुढे ‘यू. राय अँड सन्स’ या नावाने ओळखला जाऊ लागला. शिवनारायण दास लेनमधील राहत्या घरातच त्यांनी कारखाना आणि अंधारी खोली उभारली. पुढे हा व्याप सुकिया स्ट्रीटवर गेला.

हाफटोन पद्धतीचे मर्म थोडक्यात असे. छपाईची शाई एकाच काळेपणाची असते. तिच्यात करडा रंग नसतो. म्हणून छायाचित्र घेताना काचेच्या आडव्या-उभ्या रेषांची सूक्ष्म जाळी प्रकाशसंवेदी काचेपुढे धरतात. तिच्यामुळे चित्राचे लहानमोठ्या ठिपक्यांत रूपांतर होते, आणि ठिपक्यांच्या आकारभेदातून डोळ्याला छटांचा भास होतो. जाळी किती अंतरावर ठेवावी, भिंगाचे छिद्र किती व कोणत्या आकाराचे असावे, हे युरोपातही पुष्कळसे कारागिरांच्या अंदाजावर चाले. उपेंद्रकिशोरांनी ते गणिताच्या आणि प्रकाशशास्त्राच्या आधारे ठरविण्याचा प्रयत्न केला. १८९७ पासून १९१२ पर्यंत ‘पेनरोझ’च्या वार्षिकात त्यांचे लेख प्रसिद्ध होत राहिले. जाळीचे केंद्रीकरण, हाफटोन ठिपक्याची उपपत्ती, प्रकाशाच्या विवर्तनाचा परिणाम, साठ अंशांत छेदणाऱ्या रेषांची जाळी, एकाहून अधिक छिद्रांचा उपयोग, असे त्यांचे विषय होते. इंग्लंडला ते स्वतः कधी गेले नाहीत. कलकत्त्यातील एका घरातून ते त्या क्षेत्रातील तज्ज्ञांशी बरोबरीच्या नात्याने बोलत होते. रामानंद चट्टोपाध्याय यांच्या ‘प्रवासी’ आणि ‘मॉडर्न रिव्ह्यू’ या मासिकांतून नव्या भारतीय चित्रकलेचे नमुने घरोघर पोहोचले, त्यामागे या कारखान्याचे ठसे होते.

या पार्श्वभूमीवर १९०३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सेकालेर कथा’ या पुस्तकाकडे पाहिले पाहिजे. पृथ्वीवर मनुष्य अवतरण्यापूर्वी होऊन गेलेल्या प्राण्यांची ही सचित्र हकीकत आहे. विषयाची निवडच अर्थपूर्ण आहे. वाघ किंवा हत्ती यांचे चित्र सदोष असले तरी मूल ते प्रत्यक्ष पाहून दुरुस्त करू शकते. लक्षावधी वर्षांपूर्वी नष्ट झालेला प्राणी मात्र कोणीही पाहिलेला नाही. दगडातील हाडांवरून शास्त्रज्ञाने बांधलेले अनुमान आणि त्या अनुमानाचे चित्र एवढाच त्याचा आधार. अशा वेळी चित्र अलंकार राहत नाही, ते विधान बनते. आणि ठसा बिघडला तर विज्ञानच बिघडते. लाकडी ठशांविषयीचे असमाधान हा कलावंताचा केवळ हट्ट नव्हता, हे या पुस्तकाच्या संदर्भात नीट उमगते.

शब्दांच्या बाबतीतही त्यांची दक्षता याच जातीची होती. १९१० मधील ‘टुनटुनिर बई’ या पुस्तकात पूर्व बंगालच्या लोककथा आहेत. टुनटुनि म्हणजे आपल्याकडील शिंपी पक्षी. सायंकाळी न जेवताच झोपू पाहणाऱ्या मुलांना जागे ठेवण्यासाठी घरातील प्रेमळ स्त्रिया या गोष्टी सांगत, असे त्यांनी प्रस्तावनेत नमूद केले आहे. त्या कथांना त्यांनी बोधाची जोड दिली नाही किंवा त्यांची बोलीतील लय मोडली नाही. जीवाश्माचे चित्र जसे खरे उतरावे, तसाच आजीचा स्वरही खरा उतरावा, ही एकच निष्ठा दोन्हीकडे दिसते.

हे सर्व धागे ‘संदेश’ मासिकात एकत्र आले. बंगाली सन १३२० च्या वैशाखात, म्हणजे १९१३ मध्ये, त्याचा पहिला अंक निघाला. मराठी वाचकाला या नावातील निरोप कळतो. बंगालीत तो एका मिठाईचाही वाचक शब्द आहे. पुराणकथा, लोककथा, प्राणिजीवन, यंत्रे, कोडी आणि रंगीत चित्रे यांचा संगम त्यात असे, आणि लेखन, चित्रे व ठसे यांचा मोठा भार संपादक स्वतः उचलीत. याच वर्षी ज्येष्ठ पुत्र सुकुमार इंग्लंडमधील मुद्रणाचे शिक्षण पुरे करून परतले. गडपार मार्गावर घर आणि छापखाना यांसाठी नवी वास्तू उभी राहिली. ‘गुपी गाइन’ची कथा १९१५ मध्ये ‘संदेश’मधूनच प्रसिद्ध झाली. परंतु तोवर मधुमेहाने त्यांची प्रकृती खंगली होती. २० डिसेंबर १९१५ रोजी, वयाच्या अवघ्या बावन्नाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

पुढील इतिहास सुखाचा नाही. सुकुमार राय यांनी मासिक तेजस्वीपणे चालविले. पण १९२३ मध्ये त्यांचाही अकाली मृत्यू झाला आणि काही वर्षांतच ‘यू. राय अँड सन्स’चा व्यवसाय बुडाला. ‘संदेश’ला १९६१ मध्ये सत्यजित राय आणि सुभाष मुखोपाध्याय यांनी पुनरुज्जीवन दिले, आणि आजोबांच्या गुपी-बाघांना सत्यजित राय यांच्या १९६९ मधील चित्रपटाने देशभर नेले. कथा टिकल्या, परंतु लेखक, चित्रकार आणि मुद्रणशास्त्रज्ञ एकाच व्यक्तीत असण्याची जी स्थिती होती, ती पुन्हा सहजी जुळून आली नाही. म्हणूनच आपल्या भाषांतील बालविज्ञानसाहित्याचा अभ्यास करताना केवळ मजकूर तपासून भागत नाही. पुस्तक कोणत्या ठशांनी, कोणत्या कागदावर, किती काळजीने मुलाच्या हाती पडले, हाही साहित्येतिहासाचाच प्रश्न आहे. उपेंद्रकिशोरांनी तो वेगळा मानला नाही. अभ्यासकांनीही तो वेगळा मानू नये.