विश्लेषण : स्त्रीवेषाने गाजलेल्या बालगंधर्वांना पुरुषाचा मेकअप का करावा लागला?

नारायण श्रीपाद राजहंस म्हणजेच बालगंधर्व. जन्म २६ जून १८८८. ‘मानापमान’मधील भामिनी, ‘स्वयंवर’मधील रुक्मिणी आणि ‘एकच प्याला’मधील सिंधू या त्यांच्या भूमिका अजरामर ठरल्या. त्यांची साडी नेसण्याची आणि केस बांधण्याची पद्धत त्या काळातील महिला उचलत असत. थोडक्यात, आजच्या भाषेत ते फॅशन आयकॉन होते. मात्र वयाच्या सत्तेचाळिशीत त्यांनी चक्क पुरुषाचा चेहरा रंगवून घेतला.

असे काय घडले?

गंधर्व नाटक मंडळी १९१३मध्ये स्थापन झाली. भरजरी शालू, अत्तरे, महागडे पडदे यांवर बालगंधर्वांनी हात आखडता घेतला नाही. कर्ज वाढत गेले. त्यात बोलपट आला आणि प्रेक्षक तिकडे वळला. अखेर त्यांनी प्रभात फिल्म कंपनीशी हातमिळवणी केली. व्ही. शांताराम दिग्दर्शित ‘धर्मात्मा’ (१९३५) या चित्रपटात ते संत एकनाथ झाले. ना शालू, ना नथ.

फरक नेमका कुठे?

पनवेलच्या फडके नाट्यगृहात शेवटच्या रांगेत बसून पाहा. नटाच्या भुवया, ओठ ठळक रंगवले नसतील, तर चेहऱ्यावरचे भाव तिथवर पोहोचतच नाहीत. म्हणून रंगमंचावरचा मेकअप गडद असतो. कॅमेरा मात्र वीतभर अंतरावर येतो आणि तोच रंग थापल्यासारखा दिसू लागतो. शिवाय नाटकात गाण्याला वन्समोअर मिळतो, स्टुडिओत समोर प्रेक्षकच नसतो. ज्यांचे सारे आयुष्य त्या दादेवर उभे होते, त्यांच्यासाठी हा बदल मेकअपपेक्षाही अवघड असणार.

प्रभातसोबतची भागीदारी या एकाच चित्रपटावर थांबली. गंमत म्हणजे, स्त्रीभूमिका करणारे विष्णुपंत पागनीस पुढच्याच वर्षी प्रभातच्याच ‘संत तुकाराम’मध्ये लोकांना साक्षात तुकोबा वाटले. म्हणजे अडचण केवळ स्त्रीवेषाच्या सवयीची नव्हती.

१९३७मध्ये ‘साध्वी मीराबाई’त बालगंधर्व पुन्हा स्त्रीवेषात कॅमेऱ्यासमोर उभे राहिले. तेव्हा त्यांचे वय पन्नाशीला टेकले होते. रंगमंचावर अंतर आणि सूर मिळून वय झाकत होते. पडद्यावर ते झाकले गेले नाही. चित्रपट चालला नाही आणि ते नाटकाकडे परतले.

१९६४मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. १५ जुलै १९६७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.