विश्लेषण : मठातल्या नन आणि पंडिता रमाबाई... हाताच्या कामात त्यांना देव कसा दिसला?

पंडिता रमाबाई म्हटले की संस्कृत विद्वत्ता, विधवांसाठीचे शारदा सदन आणि धर्मांतराचा वाद या तीन गोष्टी आठवतात. पण केडगावच्या ‘मुक्ती’त शेती, माग, तेलघाणा आणि छापखाना कसा आला, हा प्रश्न फारसा विचारला जात नाही. त्याचे उत्तर शोधताना इंग्लंडमधल्या एका मठापर्यंत जावे लागते.

कष्टाच्या कामाशी नाते का नव्हते?

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतल्या गंगामूळ येथे झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवले, म्हणून समाजाचा रोष ओढवून घेतला. पुढे रमाबाई आईकडूनच संस्कृत शिकल्या.

कोकणात कुणकेश्वरसारख्या देवस्थानात यात्रेच्या वेळी भाविकांचा ओघ असतो. अशा तीर्थक्षेत्री मुक्काम करायचा, देवळात बसून पुराण वाचायचे आणि भाविक देतील त्यावर राहायचे, असे डोंगरे कुटुंबाचे जगणे होते. जवळचा पैसा दानधर्म आणि तीर्थयात्रांत संपला. १८७०च्या दशकात दक्षिणेत दुष्काळ पडला तेव्हा दागिने गेले, मग तांब्या-पितळेची भांडीही गेली.

भीक मागायची लाज वाटे आणि मोलमजुरी करणे प्रतिष्ठेत बसत नव्हते. पोटापुरते कमवून देईल असे हाताचे कामही कुणाला येत नव्हते. काही महिन्यांच्या अंतराने वडील, आई आणि थोरली बहीण गेली. आईला खांदा द्यायला पुरेशी माणसे मिळाली नाहीत, तेव्हा रमाबाई स्वतः तिरडी उचलायला पुढे झाल्या. उंची कमी असल्याने त्यांना ते ओझे डोक्यावर घ्यावे लागले. आपल्या माणसांचा जीव उपासमारीइतकाच शिकवणुकीतल्या या उणिवेनेही घेतला, ही जाणीव त्यांच्या पुढच्या लिखाणात स्पष्ट आहे.

रमाबाई इंग्लंडला कशा पोहोचल्या?

भाऊ श्रीनिवास यांच्यासोबत हजारो मैल पायी फिरत त्या १८७८ मध्ये कलकत्त्याला आल्या. तिथे त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ हे किताब मिळाले. १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या वकिलाशी आंतरजातीय नोंदणी विवाह केला. १८८१ मध्ये मनोरमा झाली आणि १८८२ मध्ये पतीचे निधन झाले.

लहानग्या मुलीला घेऊन त्या पुण्यात आल्या आणि आर्य महिला समाज सुरू केला. तिथेच त्यांची ओळख ‘कम्युनिटी ऑफ सेंट मेरी द व्हर्जिन’ या संघाच्या धर्मभगिनींशी झाली. पंचहौद परिसरात त्यांचे काम चाले. या ओळखीतून १८८३ मध्ये रमाबाई इंग्लंडला, संघाच्या वाँटेज येथील मठात गेल्या. त्यांना वैद्यकीचे शिक्षण घ्यायचे होते, पण कमी ऐकू येत असल्याने तो बेत सोडावा लागला. मठात राहण्याचा मोबदला म्हणून त्या भारतात येऊ घातलेल्या भगिनींना मराठी शिकवू लागल्या.

या नन कॅथलिक होत्या का?

रोमच्या अर्थाने नाही. हा संघ अँग्लिकन चर्चचा. सोळाव्या शतकात राजा आठव्या हेन्रीने इंग्लंडमधले कॅथलिक मठ बंद केले. एकोणिसाव्या शतकात अँग्लिकन चर्चमधल्या एका गटाने जुनी कॅथलिक परंपरा पुन्हा आणायला सुरुवात केली. त्यातून विल्यम बटलर या धर्मगुरूने १८४८ मध्ये वाँटेजचा संघ काढला. व्रत, विशिष्ट पोशाख, ठरावीक वेळच्या प्रार्थना आणि त्यांच्या मधल्या वेळेत काम, अशी दिनचर्या कॅथलिक मठांसारखीच होती. प्रार्थना आणि अंगमेहनत यांना एकाच दिवसात बसवण्याची ही पद्धत सहाव्या शतकातल्या संत बेनेडिक्टपासून चालत आली आहे.

फुलहॅममध्ये काय पाहिले?

वाँटेजहून हवापालटासाठी रमाबाईंना लंडनमधल्या फुलहॅमच्या शाखेत पाठवले गेले. समाजाने ‘पतित’ ठरवलेल्या स्त्रियांना तिथे आसरा मिळत असे. त्यातल्या काही जणी पुढे स्वतःच आजारी आणि दुबळ्या लोकांच्या सेवेला लागल्या होत्या. रमाबाई त्यांना भेटल्या आणि विचारात पडल्या.

कारण हेच काम त्यांनी मायदेशी वेगळ्या रूपात पाहिले होते. धुणे, दळण, भांडी, आजाऱ्याची शुश्रूषा हे सगळे घरातल्या विधवेच्या वाट्याला येई. ते तिच्यावर लादलेले असे आणि त्यात तिला मान नसे. दुसरीकडे विद्वान घरातला माणूस त्या कामाला हात लावत नसे. इथे मात्र शिकलेल्या स्त्रिया तेच काम आपणहून, उपासना म्हणून करत होत्या. काम तेच, पण त्याला मान होता. हिंदू आणि ख्रिस्ती धर्मात खरा फरक आहे, असे रमाबाईंना फुलहॅममधल्या या कामानंतर वाटू लागले. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे त्यांनी आणि मनोरमेने बाप्तिस्मा घेतला.

मग त्या नन का झाल्या नाहीत?

सेवा त्यांना पटली, आज्ञापालन पटले नाही. त्यांच्या गुरू सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचे पत्रांतून बरेच वाद झाले. क्रुसावर लॅटिन अक्षरे कशाला, संस्कृत का नको, असा त्यांचा सवाल होता. शाकाहार त्यांनी सोडला नाही. चेल्टनहॅमच्या कॉलेजात असताना त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये असे चर्चमधल्या वरिष्ठांचे मत पडले, तेव्हाही त्यांनी ठाम विरोध केला. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेला गेल्या आणि पुढचे काम स्वतंत्रपणे उभे केले.

केडगावात काय घडले?

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला आले. पुढे धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह करणाऱ्या गोदूबाई तिथल्या सुरुवातीच्या विद्यार्थिनी होत्या. मुलींवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव पाडला जातो, या आरोपावरून १८९३ मध्ये वाद पेटला आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या.

१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे ३०० मुली घेऊन आल्या. त्या मुलींमध्ये त्यांना आपलेच बालपण दिसत होते. या मुलींचा संसार दौंड तालुक्यातल्या केडगावला वसला. १९०० च्या दुष्काळानंतर तिथली संख्या दोन हजारांच्या घरात गेली. नुसते अन्न देऊन भागणार नव्हते. म्हणून शेती, गाई-म्हशी, विणकाम, शिवण, तेलघाणा, धुलाई आणि छपाई सुरू झाली. अंध स्त्रियांसाठीही वर्ग आणि कामे होती. फुलहॅमची आठवण सांगणारे ‘कृपा सदन’ही इथेच उभे राहिले.

आनंद केव्हा मिळाला?

बाप्तिस्म्याने धर्म मिळाला, पण मनाचे समाधान मिळायला त्यानंतर सुमारे आठ वर्षे लागली, असे रमाबाईंनीच नोंदवले आहे. म्हणजे फुलहॅमचे दर्शन आधी, मुलींची सेवा नंतर आणि अंतरीचा आनंद त्याही नंतर. त्या आनंदासाठी त्यांनी काम सोडून एकांत शोधला नाही.

आयुष्याच्या शेवटच्या टप्प्यात त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. साध्या बायकांना कळेल अशा मराठीत बायबलचे भाषांतर करायला त्यांनी घेतले. त्याचे खिळे जुळवणे आणि छपाई केडगावच्या स्त्रियाच करत होत्या. जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली, ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर पडले.

ज्या घरात हाताचे काम कुणाला येत नव्हते, त्या घरातल्या शेवटच्या मुलीने हजारो अनाथ मुलींच्या हाताला काम दिले. केडगावची ‘मुक्ती’ ही संस्था आजही सुरू आहे.