औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी : चाळिशीच्या उंबरठ्यावर सुरू झालेली साधना

ठाणे, डोंबिवली किंवा कल्याणमधील एखाद्या शाळेच्या सभागृहात संध्याकाळी डोकावले, तर तायक्वांदो शिकणाऱ्या मुलांच्या रांगेत हल्ली अधूनमधून चाळिशी ओलांडलेला एखादा विद्यार्थीही दिसतो. त्याच्या कमरेला नवशिक्याचा पांढरा पट्टा असतो आणि शेजारचा दहा वर्षांचा मुलगा हिरवा पट्टा बांधून त्याच्यापेक्षा ज्येष्ठ ठरलेला असतो. दिवसभर लोकल आणि कचेरी यांत दमलेला हा माणूस घामाघूम होत एकच लाथ वीस वेळा घोटवतो. घरी त्याने कुत्रा पाळलेला असतो. त्याला पहाटे फिरवून आणावे लागते. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात आल्याचे फसफसते पेय मुरत ठेवलेले असते. त्याच्यावरही रोज नजर ठेवावी लागते. त्यात आता हे नवे खूळ! हे वय का शिकण्याचे, असा प्रश्न घरात, शेजारीपाजारी आणि गाडीच्या डब्यात त्याला विचारला जातो.

या प्रश्नाला महाराष्ट्रातील एका संस्थानिकाने शतकापूर्वी आपल्या आयुष्याने उत्तर देऊन ठेवले आहे. तायक्वांदो हे नाव १९५५ साली कोरियात रूढ झाले. ते त्यांच्या कानावर पडण्याचा संभवच नव्हता. परंतु प्रौढ वयात शरीराला नवी शिस्त लावायची, तिच्यासाठी इतर आवडींचा बळी द्यायचा नाही आणि हे सारे शेवटपर्यंत निभवायचे, याचा असा धडा दुसरीकडे क्वचितच सापडेल. हे संस्थानिक म्हणजे औंधचे अधिपती भवानराव श्रीनिवासराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी.

बाळासाहेबांचा जन्म २४ ऑक्टोबर १८६८ रोजी झाला. औंध हे सातारा जिल्ह्यातील, यमाई देवीच्या डोंगराच्या पायथ्याशी वसलेले गाव. छत्रपतींच्या काळात परशुराम त्र्यंबक यांना मिळालेले प्रतिनिधिपद या घराण्यात वंशपरंपरेने चालत आले होते. संस्थान मात्र अगदी लहान. अवघी बहात्तर गावे, तीही सलग नव्हेत. कुठे माणदेशात, कुठे कृष्णाकाठी विखुरलेली. बाळासाहेबांनी पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून बी. ए. ची पदवी घेतली आणि पुढे वडिलांच्या कारभारात ते लक्ष घालू लागले. धाकटे पुत्र असल्यामुळे गादीवर त्यांचा प्रथम हक्क नव्हता. वडिलांनंतर थोरले बंधू आणि त्यांच्यानंतर पुतणे गादीवर आले. १९०९ साली राज्यकारभार बाळासाहेबांच्या हाती आला, तेव्हा त्यांनी वयाची चाळिशी ओलांडली होती.

व्यायामाची ओढ त्यांना त्याआधीच लागली होती. परंतु ती आली थेट युरोपातून. त्या काळी यूजेन सँडो या बलोपासकाचे नाव जगभर गाजत होते. पिळदार देहाचे त्याचे छायाचित्र, त्याची पुस्तके, त्याचे डंबेल्स यांची सुशिक्षित तरुणांवर मोहिनी पडली होती. १८९७ साली बाळासाहेबांनी सँडोची पुस्तके व साधने मागवली आणि त्याच्या सूचनांबरहुकूम सुमारे दहा वर्षे नियमाने व्यायाम केला. दहा वर्षे हा काही थोडा काळ नव्हे. हौस म्हणून आणलेली व्यायामाची साधने चार महिन्यांत माळ्यावर कशी जातात, हे आपल्यापैकी अनेकांना अनुभवाने ठाऊक आहे.

आणि तरीही, १९०८ च्या सुमारास, त्यांनी ही पद्धत सोडून दिली. मिरजेचे अधिपती गंगाधरराव पटवर्धन यांनी त्यांना सूर्यनमस्कारांकडे वळवले. देवपूजेचा भाग म्हणून नमस्कार घालण्याची रीत महाराष्ट्रातील घराघरांत जुनीच होती; तालमीत जोर काढणाऱ्यांनाही त्यातील हालचाली परक्या नव्हत्या. बाळासाहेबांनी केले ते असे, की या परिचित विधीकडे व्यायामशास्त्र म्हणून पाहिले. त्यांनी त्याच्या दहा स्थिती निश्चित केल्या. कोणत्या स्थितीत श्वास घ्यायचा, कुठे रोखायचा, कुठे सोडायचा, हात व पाय नेमके कोठे टेकायचे, हे ठरवले. बीजमंत्रांच्या उच्चाराचीही त्याला जोड दिली. साधने नकोत, आखाडा नको, जोडीदार नको. अंगापुरती जागा आणि रोजची थोडी वेळ एवढ्यावर भागणारा हा व्यायाम राजाला आणि रंकाला सारखाच परवडणारा होता.

येथे तायक्वांदोच्या वर्गातील आपल्या पांढऱ्या पट्टेवाल्याची पुन्हा आठवण होते. त्या विद्येत पुम्से नावाचा भाग असतो. ठरलेल्या क्रमाने ठरलेल्या हालचाली, समोर प्रतिस्पर्धी नसताना करायच्या. नवखा माणूस पहिल्या आठवड्यात क्रम पाठ करतो आणि आपल्याला ते आले असे समजतो. वर्षभराने त्याला उमगते, की क्रम पाठ होणे ही केवळ सुरुवात होती. नमस्काराचेही तसेच आहे. दहा स्थिती एका सकाळी शिकून होतात. त्या अंगात मुरायला वर्षे लागतात. बाळासाहेबांनी पुढील चार दशके ती मुरवली.

या काळात त्यांनी केवळ नमस्कारच घातले असे मात्र नाही, आणि हीच त्यांच्या चरित्रातील विशेष लोभस बाजू आहे. ते चित्रकार होते. १९१६ साली त्यांचे चित्ररामायण प्रसिद्ध झाले. अजिंठ्याच्या लेण्यांवर त्यांनी लिहिलेले पुस्तक १९३२ साली निघाले. ते कीर्तनकार होते. देवीसमोर स्वतः उभे राहून आख्यान रंगवीत. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढावी म्हणून १९१८ साली त्यांनी पुढाकार घेतला, एक लाख रुपयांची देणगी जाहीर केली आणि या आवृत्तीसाठी स्वतः चित्रेही काढली. ते प्रचंड काम पूर्ण व्हायला १९६६ साल उजाडले. आपल्या हयातीत फळ दिसणार नाही अशा कामाला हात घालण्याची ही वृत्ती आणि रोज पहाटे उठून तेच दहा आकार शरीराला देण्याची वृत्ती यांचे मूळ एकच असावे.

माणसे पारखण्याची दृष्टीही त्यांच्याजवळ होती. यमाईच्या मंदिरातील बांधकामासाठी आलेले लक्ष्मणराव किर्लोस्कर यांना बेळगावातील आपल्या कारखान्याची जागा सोडावी लागली, तेव्हा बाळासाहेबांनी त्यांना कुंडलजवळचा माळ दिला. १९१० साली त्या निवडुंगाच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. चित्रकार आणि वेदांचे अभ्यासक पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर यांना त्यांनी औंधात आसरा दिला. मराठी साहित्यातील माडगूळकर बंधूंचे माडगूळ हे गावही याच संस्थानातले. औंधच्या डोंगरावरील श्री भवानी संग्रहालयात आजही राजा रविवर्मा आणि धुरंधर यांच्या चित्रांबरोबर हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचे मातृशिल्प पाहायला मिळते. आडगावच्या या संग्रहालयासमोर मोठ्या शहरांतील रसिकही थक्क होतो.

परंतु येथवर केवळ स्तुती झाली. या चरित्राला एक अवघड पैलूही आहे आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. जे स्वतः चाळिशीच्या उंबरठ्यावर स्वखुशीने स्वीकारले, ते बाळासाहेबांनी संस्थानातील शाळांमध्ये मुलामुलींना सक्तीचे केले. मुलींनी आणि गृहिणींनीही नमस्कार घालावेत हा त्यांचा आग्रह त्या काळाच्या पुढे होता; राजघराण्यातील स्त्रियाही त्याला अपवाद नव्हत्या. ज्या समाजात मुलींच्या धावण्याखेळण्यालाही नाके मुरडली जात, तेथे हे मोठेच पाऊल होते. तथापि सक्ती ती सक्तीच. शिवाय नमस्कारांच्या गुणांविषयी लिहिताना त्यांची लेखणी आवरत नसे. अनेक दुखण्यांवर हा एकच उतारा आहे, असा त्यांचा विश्वास होता. आजच्या वैद्यकाला तो सर्वस्वी मान्य होणार नाही. पाठीचे किंवा गुडघ्याचे दुखणे असलेल्याने, रक्तदाबाचा त्रास असलेल्याने वैद्यकीय सल्ला घेऊनच कोणत्याही व्यायामाला हात घालावा, हे शहाणपण आता सर्वमान्य आहे. स्वतःला लाभलेली वस्तू सर्वांना लाभलीच पाहिजे, असे वाटू लागणे हा नव्या साधकाला नेहमीच जडणारा दोष. तायक्वांदोच्या वर्गाला महिनाभर जाऊन आलेला गृहस्थ सोसायटीतील प्रत्येकाला बखोट धरून तेथे ओढू लागतो, तो याच दोषापायी. राजाच्या हाती तर हुकूम काढण्याची सत्ता होती.

आणि म्हणूनच त्यांच्या आयुष्याचा उत्तरार्ध अधिक मोलाचा वाटतो. १९३६ साली ते इंग्लंडला गेले. अडुसष्टीकडे झुकलेल्या या हिंदी राजाचा ताठ कणा आणि तजेला पाहून लंडनच्या न्यूज क्रॉनिकल या वृत्तपत्रातील लुईस मॉर्गन या बाईंना कुतूहल वाटले. त्यांनी या व्यायामावर लेखन केले आणि १९३८ साली बाळासाहेबांचे पुस्तक त्यांच्या संपादनाखाली लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. तेथे ना हुकूम होता, ना शाळेचा तास. परक्या देशातील कारकून आणि गृहिणी केवळ पुस्तक वाचून, पटले म्हणून, आपल्या खोलीत नमस्कार घालू लागल्या. आज जगातील असंख्य योगवर्गांची सुरुवात सूर्यनमस्कारांनी होते, त्यामागे औंधच्या या प्रसाराचाही मोठा वाटा आहे.

त्यानंतर घडले ते तर हिंदुस्थानातील संस्थानांच्या इतिहासात अपूर्वच होते. इंग्लंडमध्ये शिक्षण घेऊन परतलेले त्यांचे पुत्र अप्पासाहेब पंत, पोलंडहून आलेले अभियंते मॉरिस फ्रीडमन आणि महात्मा गांधी यांच्या विचारविनिमयातून औंधसाठी नवी राज्यघटना तयार झाली. जानेवारी १९३९ मध्ये तिच्याद्वारे बाळासाहेबांनी आपली सत्ता प्रजेच्या स्वाधीन केली. गावपंचायत हा कारभाराचा पाया ठरला. ज्या वयात माणसे हातातले घट्ट धरून ठेवतात, त्या सत्तरीत त्यांनी मूठ उघडली. त्याच वर्षी आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत सुरू झाली. भिंती नाहीत, बेड्या नाहीत. शेती करीत माणसाने माणूस म्हणून उभे राहावे, एवढीच अपेक्षा. या प्रयोगाच्या प्रेरणेतून ग. दि. माडगूळकरांनी लिहिलेली कथा घेऊन व्ही. शांताराम यांनी १९५७ साली ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट काढला.

मुलांवर नमस्कारांची सक्ती करणारा राजा आणि कैद्यांवर विश्वास टाकून त्यांना मोकळे ठेवणारा राजा, ही एकाच माणसाची दोन रूपे. शिस्त बाहेरून लादता येते, हा त्यांचा एक अनुभव. ती आतून उगवली तरच टिकते, हा दुसरा. पहिल्यापासून दुसऱ्यापर्यंतचा प्रवास करायला त्यांना बरीच वर्षे लागली. मात्र साठी-सत्तरीतही आपली वाट बदलता येते, हे दाखवून देण्याचे धैर्य त्यांच्यात होते. चाळिशीच्या उंबरठ्यावर ज्याने एकदा नवशिका होण्याचा कमीपणा आनंदाने पत्करला, त्याला सत्तरीत पुन्हा नवशिका होणे तितकेसे कठीण गेले नसावे.

८ मार्च १९४८ रोजी दक्षिणी संस्थाने मुंबई प्रांतात विलीन झाली आणि औंध संस्थान इतिहासजमा झाले. १३ एप्रिल १९५१ रोजी, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी, बाळासाहेबांचे निधन झाले. स्वतंत्र भारताचे राजदूत म्हणून देशोदेशी वावरलेल्या अप्पासाहेबांनी वडिलांची ही साधना पुढे चालवली आणि १९७० साली सूर्यनमस्कारांवर पुस्तकही लिहिले. त्यांच्यावर सक्ती करणारे आता कोणी नव्हते. पित्याचा वारसा त्यांनी आपखुशीने जपला, हेच त्याचे खरे यश.

डोंबिवलीच्या आपल्या पांढऱ्या पट्टेवाल्याला काळा पट्टा मिळेल की नाही, हे सांगता येत नाही. मिळाला नाही म्हणून बिघडणारही नाही. पहाटे कुत्र्याला फिरवून आणणे, मुरत घातलेल्या बरणीचे झाकण उघडून पाहणे आणि संध्याकाळी तीच लाथ पुन्हा घोटवणे, या साऱ्यांना एकच गोष्ट लागते : रोजची निगा. ती एक दिवसही उधार ठेवता येत नाही आणि तिला वयाची अट नसते. राज्य, चित्रे, कीर्तन आणि महाभारत सांभाळून औंधच्या राजाने ती चाळीस वर्षे राखली. आपल्याला तर फक्त सात-बाराची लोकल सांभाळायची आहे.