ताराबाईंचे अंगण

अंगणवाडी हा शब्द आता इतका घरचा झाला आहे की तो कोणाच्या कामातून आला, हे विचारावेसे कोणाला वाटत नाही. भगिनींनो, स्मरणिकेत एखाद्या कर्त्या बाईचे चरित्र असावे असे ठरले, तेव्हा ताराबाई मोडक यांचेच नाव माझ्या मनात आले, ते या शब्दापायी.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ चा. माहेर केळकरांचे, प्रार्थना समाजाच्या वळणाचे, म्हणून मुलीला शिकू दिले. १९१४ साली त्या बी. ए. झाल्या. अमरावतीच्या मोडक वकिलांशी विवाह झाला, पण तो संसार टिकला नाही. लहान मुलीला घेऊन त्या राजकोटला बायकांच्या ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्य म्हणून गेल्या. शंभर वर्षांपूर्वी एकट्या बाईने असे उभे राहणे काय असेल, हे आपण बायकांनी आपसात समजून घ्यावे.

१९२३ मध्ये त्या भावनगरला दक्षिणामूर्ती संस्थेत आल्या. तेथे गिजुभाई बधेका होते. वकिली सोडून हा मनुष्य लहान मुलांत रमला होता. इटलीतील माँटेसोरीबाईंची पद्धत त्यांनी अभ्यासली होती. या पद्धतीत छडी नाही, बक्षिसाची लालूचही नाही. मूल स्वतःच्या हाताने ओतते, निवडते, बटणे लावते, आणि मोठ्यांनी जवळ राहून फक्त पाहायचे. वाचायला हे सोपे वाटते. पण पोर पाणी सांडत असता आपला हात आवरून बसणे किती कठीण, हे घरोघर ठाऊक आहे! मूल तीनदा सांडते आणि चौथ्यांदा नीट ओतते. ते चौथे खेप येईपर्यंत थांबण्याचा धीर मोठ्यांपाशी हवा, आणि सांडले म्हणून मुलाच्या मनात भीती बसू नये, यावर या मंडळींचा सारा भर होता.

१९२६ साली दोघांनी नूतन बालशिक्षण संघ काढला. १९३३ पासून ताराबाईंनी मराठी ‘शिक्षणपत्रिका’ चालवली, कारण शाळेत मायेने वागवलेल्या मुलाला घरी मार बसला तर काय उपयोग? १९३६ मध्ये दादरला शिशुविहार सुरू झाले.

येथेच थांबत्या तरी नाव राहिलेच असते. पण माँटेसोरीची साधने महाग, आणि ती मुले खाऊनपिऊन सुखी घरांतली. १९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, ताराबाई मुंबई सोडून समुद्रकाठच्या बोर्डी गावी गेल्या. अनुताई वाघ तेथेच त्यांना येऊन मिळाल्या. बालवाडी उघडली, पण गरीब वस्तीतली मुले येईनात. मग ताराबाईंनी बालवाडीच त्यांच्या वस्तीत, त्यांच्या अंगणात नेली. आधी मुलांना न्हाऊमाखू घालायचे, नखे कापायची, केस विंचरायचे, मग खेळ आणि गाणी. विकतच्या साधनांऐवजी शिंपले, खडे, बिया, पाने. मोजायला शिंपला काय वाईट? शिवाय तो मुलाच्या ओळखीचा.

१९५७ मध्ये काम डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेव्हा तो ठाणे जिल्हा होता, आता पालघर. तेथल्या वारली मुलांची अडचण निराळी होती. आईबाप मजुरीला गेले की सातआठ वर्षांच्या मुलीच्या कडेवर धाकटे भावंड यायचे. तिने शाळेत यावे कसे? पुष्कळांनी आईबापांना दोष दिला असता. ताराबाईंनी तसे न करता पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. बाळ पाळण्यात, मधले बालवाडीत आणि थोरली पाटीवर! तिची कड मोकळी झाली, शिवाय भावंड नजरेसमोर असल्याने तिचा जीवही टांगणीला राहिला नाही. एवढ्याशा पोरीची ती काळजी खरी आहे, हे ताराबाईंनी मानले, याचे मला फार मोल वाटते. त्या मुलीला नुसते शाळेत ओढले असते तर तिचे लक्ष घरच्या बाळाकडेच राहिले असते. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शाळा कुरणावर गेली. तिचे नाव कुरणशाळा.

१९६२ साली सरकारने त्यांना पद्मभूषण दिले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्या गेल्या. पुढे दोनच वर्षांनी, १९७५ मध्ये, सरकारची एकात्मिक बालविकास योजना आली आणि अंगणवाडी हे नाव देशभर झाले. ते पाहायला ताराबाई नव्हत्या. कोसबाडच्या टेकडीवर मात्र अनुताई होत्या, आणि १९९२ साली निधन होईपर्यंत त्यांनी ते काम सोडले नाही.