यंत्राच्या पोटातले यंत्र

लॅपटॉपवर विंडोज चालू असतानाच त्यातल्या एका खिडकीत लिनक्स सुरू करावे, दोन्ही आपापल्या परीने चालावेत आणि आतल्या लिनक्सला आपण कुणाच्या पोटात आहोत याची गंधवार्ताही नसावी, याचे आता कुणाला नवल वाटत नाही. या आतल्या संगणकाला आभासी यंत्र म्हणजेच व्हर्च्युअल मशीन म्हणतात. त्याच्याविषयीची तक्रार मात्र सार्वत्रिक आहे. ते रेंगाळते, लॅपटॉपचा पंखा घरघरू लागतो आणि बाहेरची कामेही खोळंबतात. एका यंत्राने दुसऱ्या यंत्राचे सोंग घ्यायचे तर त्याची किंमत वेळेत मोजावी लागते. हे सोंग शक्य आहे असे गणिताने सिद्ध करणारा, आणि पुढे प्रत्यक्ष यंत्रे उभारताना त्या किमतीशी झुंजणारा माणूस एकच होता. ॲलन ट्युरिंग हे त्याचे नाव.

ट्युरिंग यांचा जन्म २३ जून १९१२ रोजी लंडनमध्ये झाला. पण घराण्याची मुळे हिंदुस्थानात रुजलेली होती. वडील ज्युलियस हे मद्रास इलाख्यात आयसीएस अधिकारी होते, तर आईचे वडील मद्रास रेल्वेचे मुख्य अभियंता होते. आईचा जन्मही त्याच इलाख्यात पोदनूर येथे झाला होता. आई-वडिलांचा मुक्काम बराच काळ हिंदुस्थानात आणि मुले इंग्लंडमध्ये एका निवृत्त लष्करी अधिकाऱ्याच्या घरी, अशी त्या काळच्या साहेबी कुटुंबांची रीतच होती. ॲलन यांचे बालपण असे परक्या घरी गेले. शेरबोर्नच्या शाळेत गणितात हुशार, हस्ताक्षरात गबाळा आणि शिस्तीत नापास अशी त्यांची ख्याती होती. १९३० मध्ये त्यांचा जिवलग शाळूसोबती ख्रिस्तोफर मॉरकम क्षयाने वारला. त्या मृत्यूने त्यांना मुळापासून हलवले. मन आणि शरीर यांचे नाते काय, विचार कशाने घडतो, हे प्रश्न तेव्हापासून त्यांच्या मागे लागले.

१९३१ मध्ये ते केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात दाखल झाले आणि १९३५ मध्ये, अवघ्या बाविसाव्या वर्षी, तेथे फेलो झाले. त्याच वर्षी मॅक्स न्यूमन यांच्या व्याख्यानांतून गणिताच्या पायाशी असलेला एक प्रश्न त्यांच्या कानी आला. कोणतेही गणिती विधान सिद्ध करता येईल की नाही, हे ठरवणारी एखादी ठोकळेबाज कृती असू शकेल काय? तशी कृती नाही, हे दाखवण्यासाठी ट्युरिंग यांनी एक काल्पनिक यंत्र रचले. एक लांबच लांब फीत, तिच्यावर चौकोन, एका वेळी एकच चौकोन वाचणारे डोके आणि मोजके नियम. १९३६ साली लिहिलेल्या या निबंधातला सर्वांत धाडसी भाग पुढेच होता. प्रत्येक कामाला निराळे यंत्र हवे असे नाही; एकच सार्वत्रिक यंत्र पुरते. दुसऱ्या यंत्राचे वर्णन त्याच्या फितीवर लिहून दिले की ते त्या यंत्रासारखे हुबेहूब वागू लागते.

आज आपण ज्याला सॉफ्टवेअर म्हणतो त्याचे बीज येथे आहे आणि आभासी यंत्राचेही. पण हे सोंग वठते कसे, ते पाहण्यासारखे आहे. आतल्या यंत्राचे एक पाऊल टाकायचे तर सार्वत्रिक यंत्राला आधी त्याच्या वर्णनापाशी जावे लागते, लागू पडणारा नियम हुडकावा लागतो, मग फितीवरून परत येऊन तो अमलात आणावा लागतो. एका पावलासाठी शेकडो येरझारा! सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे आणता येत नाही, अशी आपल्याकडे म्हण आहे. यंत्रांच्या दुनियेत पैशाच्या जागी वेळ घालावा. अर्थात १९३६ मध्ये ट्युरिंग यांना वेळेची फिकीर नव्हती. प्रश्न शक्याशक्यतेचा होता, आणि गणितातली फीत वाट्टेल तितका वेळ धावू शकते.

वेळेची निकड युद्धाने शिकवली. प्रिन्स्टनहून १९३८ मध्ये डॉक्टरेट घेऊन परतलेले ट्युरिंग, युद्ध पुकारले गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी, ४ सप्टेंबर १९३९ रोजी ब्लेचली पार्क येथे रुजू झाले. जर्मन सैन्याचे संदेश एनिग्मा या यंत्राने सांकेतिक होत. पोलंडच्या गणितज्ञांनी तिची रचना आधीच उलगडली होती. त्या पायावर ट्युरिंग यांनी नवे यंत्र रचले आणि गॉर्डन वेल्चमन यांनी त्यात मोलाची भर घातली. नाव बाँब, पण त्यात स्फोटक काही नव्हते. पहिले बाँब मार्च १९४० मध्ये आले. त्यापुढची नेहमीची बाँब यंत्रे ३६ एनिग्मांचे काम एकाच वेळी करीत. चक्रांचा एक क्रम घेतला की त्याच्या १७,५७६ स्थिती तपासायला सुमारे २० मिनिटे लागत. शत्रूचे यंत्र हाती असून भागत नव्हते. त्याची नक्कल मूळ यंत्रापेक्षा कितीतरी वेगाने चालायला हवी होती, कारण किल्ली रोज बदलत असे आणि उद्या उलगडलेला संदेश आज बुडालेल्या जहाजाला उपयोगी नव्हता. युद्ध संपेपर्यंत अशी दोनशेहून अधिक यंत्रे उभी राहिली होती.

त्या काळातल्या त्यांच्या लहरीपणाच्या कथा पुष्कळ सांगितल्या जातात. चहाचा कप त्यांनी रेडिएटरला साखळीने बांधून ठेवला होता. परागकणांचा त्रास टाळण्यासाठी ते सायकलवर गॅसमास्क लावून फिरत. या कथांनी माणूस गमतीदार वाटतो आणि त्याचे काम मागे पडते. तेव्हा त्या इथेच सोडू.

१९४५ मध्ये ट्युरिंग टेडिंग्टनच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीत गेले आणि मार्च १९४६ मध्ये त्यांनी एका इलेक्ट्रॉनिक संगणकाचा आराखडा मांडला. त्याचे नाव ऑटोमॅटिक कॉम्प्युटिंग इंजिन, थोडक्यात एस. सार्वत्रिक यंत्राला आता तारा आणि निर्वात नळ्या मिळणार होत्या, आणि वेळेचा हिशेबही. स्मृतीसाठी त्यांनी पाऱ्याने भरलेल्या नळ्या निवडल्या. विजेचे ठोके ध्वनिलहरी होऊन पाऱ्यातून धावत, दुसऱ्या टोकाला पोहोचत आणि पुन्हा पहिल्या टोकाशी पाठवले जात. ही फेरी एक मिलिसेकंदाची. तेवढ्यात ३२ शब्द नळीतून जात. हवा तो शब्द नुकताच निघून गेला असेल तर पूर्ण फेरीची वाट पाहणे आले. बस चुकल्यावर पुढच्या बसची पाहावी तशी!

यावर ट्युरिंग यांनी काढलेला उपाय त्यांच्या स्वभावाचा नमुना आहे. आज्ञा स्मृतीत ओळीने मांडायच्याच नाहीत. एक आज्ञा पुरी होते न होते तोच पुढची नळीच्या तोंडाशी यावी, अशा बेताने त्या विखरून ठेवायच्या आणि पुढची कुठे आहे हे प्रत्येक आज्ञेतच लिहून ठेवायचे. आज्ञावली लिहिणाऱ्याचे हाल झाले तरी चालतील. यंत्राने ताटकळता कामा नये. फेब्रुवारी १९४७ मध्ये लंडन मॅथेमॅटिकल सोसायटीपुढे बोलताना त्यांनी स्पष्ट केले की अशा यंत्रांचा सगळा प्रश्न शेवटी स्मृतीपाशी येऊन थांबतो. ती पुरेशी मोठी हवी आणि तिच्यातले हवे ते चटकन हाती लागायला हवे.

प्रयोगशाळेच्या कारभारात मात्र यंत्र पुढे सरकेना. कंटाळून ट्युरिंग यांनी १९४७ मध्ये रजा घेतली आणि १९४८ मध्ये मँचेस्टर गाठले. त्यांच्या माघारी सहकाऱ्यांनी आराखड्याची छोटी आवृत्ती उभारली. १० मे १९५० रोजी तिने पहिली आज्ञावली चालवली. त्या काळच्या सर्वांत वेगवान संगणकांत तिची गणना झाली.

मँचेस्टरला त्यांनी फेरांटी मार्क वन या संगणकाची मार्गदर्शिका लिहिली. खरे सांगायचे तर ती वाचणाऱ्याची परीक्षाच होती. संख्या ३२ च्या पायावर आणि त्याही उलट्या लिहिलेल्या. ट्युरिंग यांना ते सहज जमे, म्हणून इतरांनाही जमावे! ती मार्गदर्शिका पचवलेल्या मोजक्या लोकांत हॅरो शाळेतले एक शिक्षक, ख्रिस्तोफर स्ट्रॅची, हे होते. १९५१ मध्ये ते मँचेस्टरला आले तेव्हा ट्युरिंग यांनी त्यांना एक काम सुचवले. या यंत्राला स्वतःचीच नक्कल करायला लावा, म्हणजे दुसऱ्या कुणाची आज्ञावली त्या नकलेत पावलापावलाने चालवून तिच्यातल्या चुका पकडता येतील. स्ट्रॅची सुमारे हजार आज्ञांची आज्ञावली घेऊन परतले. रात्रभर खटपट केल्यावर ती चालली आणि शेवटी यंत्राच्या भोंग्यातून ब्रिटिश राष्ट्रगीत वाजले. संगणकाच्या पोटात तोच संगणक! आभासी यंत्र हा शब्द यायला अजून बरीच वर्षे होती. वस्तू मात्र आली होती.

ती अर्थातच संथ होती, कारण आतली प्रत्येक आज्ञा बाहेरच्या अनेक आज्ञांनी वठवावी लागे. पुढच्या पिढ्यांनी या दुखण्यावर जो इलाज शोधला, त्याचाच लाभ आज लॅपटॉपधारकाला होतो. आतले आणि बाहेरचे यंत्र एकाच जातीचे असेल तर बहुतेक आज्ञांचे सोंग आणण्याची गरजच नाही. त्या थेट खऱ्या प्रोसेसरवर चालू द्याव्यात आणि नाजूक तेवढ्याच अडवाव्यात. पोपेक आणि गोल्डबर्ग यांनी १९७४ मध्ये हे तत्त्व नेमके मांडले. घरगुती संगणकांच्या इंटेल जातीच्या प्रोसेसरांत त्यासाठीची सोय नव्हती. ती इंटेलने २००५ मध्ये आणि एएमडीने २००६ मध्ये दिली. ही सोय अनेक लॅपटॉपवर बायोसमध्ये बंद असते, म्हणून आभासी यंत्र रेंगाळत असेल तर प्रथम ती चालू आहे ना ते पाहावे. ॲपलच्या नव्या लॅपटॉपांतला प्रोसेसर इंटेलच्या जातीचा नाही. त्यावर इंटेलसाठी घडवलेले विंडोज चालवायचे तर प्रत्येक आज्ञेचा अनुवाद करावा लागतो. तेथे त्याच प्रोसेसरची आवृत्ती घेणेच शहाणपणाचे.

दुसरी खोट स्मृतीची. मँचेस्टरच्या यंत्रात वेगवान स्मृती थोडी आणि संथ चुंबकी पिंप मोठे, म्हणून मजकूर पानापानाने इकडून तिकडे न्यावा लागे. १९६२ मध्ये त्याच विद्यापीठातल्या ॲटलास संगणकाने ही ने-आण आपोआप करून दाखवली. लॅपटॉपची रॅम अपुरी पडली की हेच घडते आणि डिस्क दळत बसते. पाहुण्याला सारे घर देऊन यजमानाला ओसरीवर बसवू नये. आठ जीबी रॅममधले चार पाहुण्या यंत्राला पुरे. प्रोसेसरचे सगळे गाभेही त्याला देऊ नयेत. त्याची फाईल फिरत्या तबकडीऐवजी एसएसडीवर ठेवावी, पाहुण्या प्रणालीसाठी मिळणारे खास ड्रायव्हर बसवावेत आणि काम जड असेल तर लॅपटॉप बॅटरीवर न चालवता विजेला जोडावा, कारण वीज वाचवण्यासाठी तो स्वतःच आपला वेग घटवतो.

ट्युरिंग यांनी यातले काहीच पाहिले नाही. १९५२ मध्ये त्यांनी एक वेगळाच प्रयोग केला. बुद्धिबळ खेळणारी आज्ञावली त्यांनी मित्राच्या मदतीने आधीच रचली होती, पण ती चालवील असा संगणक नव्हता. मग ट्युरिंग स्वतःच संगणक झाले. कागद-पेन्सिल घेऊन ते प्रत्येक खेळीचा हिशेब करीत आणि एका खेळीला जवळपास अर्धा तास लागे. डाव ते हरले. पण यंत्राचे सोंग माणसाने घेतले तर किती वेळ जातो, याचे याहून चांगले उदाहरण सापडायचे नाही.

त्याच वर्षी त्यांच्या घरी चोरी झाली. तपासात एका पुरुषाशी असलेले संबंध त्यांनी पोलिसांपुढे लपवले नाहीत. तेव्हाच्या ब्रिटिश कायद्याने तो गुन्हा होता. ३१ मार्च १९५२ रोजी शिक्षा झाली. तुरुंग टाळायचा तर वर्षभर संप्रेरकांची इंजेक्शने घेणे भाग होते. त्यांनी ती घेतली. सरकारी गुप्त कामाची दारे बंद झाली. ज्या कामाने देशाला तारले ते अजून सरकारी गुपित होते, त्यामुळे न्यायालयातही त्याचा तपशील मांडण्याची सोय नव्हती. ७ जून १९५४ रोजी, बेचाळिसावा वाढदिवस दोन आठवड्यांवर असताना, सायनाइडने त्यांचा मृत्यू झाला. उशाशी अर्धवट खाल्लेले सफरचंद होते. ते कुणी तपासले नाही. चौकशीत आत्महत्या ठरली. आईने ते कधी मानले नाही, घरातल्या रसायनांच्या प्रयोगात झालेला अपघात असेच ती म्हणत राहिली.

पंतप्रधान गॉर्डन ब्राउन यांनी सरकारच्या वतीने सप्टेंबर २००९ मध्ये क्षमा मागितली. २४ डिसेंबर २०१३ रोजी राणीने माफी दिली. त्याच कायद्याखाली शिक्षा झालेल्या इतर हजारो पुरुषांना ती मिळण्यासाठी आणखी तीन वर्षे, २०१७ उजाडावे लागले.