काचेवरचे आकाश

विद्यार्थी मित्रांनो, डिसेंबर-जानेवारी महिन्यांत रात्री आठच्या सुमारास पूर्वेकडे पाहा. चार ठळक ताऱ्यांचा एक चौकोन आणि त्याच्या मधोमध एका ओळीत तीन तारे तुम्हांला दिसतील. हेच मृग नक्षत्र. त्या तीन ताऱ्यांना आपल्याकडे व्याधाने हरणाला मारलेला बाण म्हणतात. अरब खगोलशास्त्रज्ञांना मात्र येथे जब्बार नावाचा बलाढ्य पुरुष दिसला आणि हे तीन तारे त्याचा कमरपट्टा वाटले. या तिघांपैकी सर्वांत शेवटी उगवणाऱ्या ताऱ्याचे नाव आजही अल-निताक, म्हणजे कमरपट्टा, असेच आहे.

या ताऱ्याजवळ घोड्याच्या डोक्यासारखा एक काळा मेघ आहे. तो नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही. तो प्रथम कोणी शोधला, ठाऊक आहे का? एकेकाळी दुसऱ्याच्या घरी मोलकरीण म्हणून काम केलेल्या एका बाईंनी! त्यांचे नाव विल्यमिना फ्लेमिंग.

विल्यमिनाचा जन्म १५ मे १८५७ रोजी स्कॉटलंडमधील डंडी या गावी झाला. ती सात वर्षांची असतानाच तिचे वडील वारले. चौदाव्या वर्षापासून ती शाळेत शिकता शिकता लहान मुलांना शिकवू लागली. पुढे तिचे लग्न झाले आणि १८७८ साली पतीबरोबर ती अमेरिकेतील बोस्टन शहरी आली. परंतु थोड्याच दिवसांत पती तिला सोडून गेला. त्या वेळी ती गरोदर होती. परका देश, जवळ पैसा नाही! तरी ती खचली नाही. तिने एका घरी घरकाम पत्करले.

ते घर होते हार्वर्ड वेधशाळेचे संचालक एडवर्ड पिकरिंग यांचे. या बाईंची हुशारी त्यांच्या ध्यानात आली. त्यांनी १८८१ साली तिला वेधशाळेत कायमची नोकरी दिली. घरात झाडलोट करणारी विल्यमिना आता वेधशाळेतील फ्लेमिंगबाई झाली.

त्या काळी आकाशाची छायाचित्रे घेण्याची विद्या नवीन होती. आपला डोळा क्षणभराचाच प्रकाश पाहतो. पण रसायन लावलेली काच तासन्‌तास प्रकाश साठवीत राहते. म्हणून डोळ्यांना न दिसणारे अंधूक तारेही तिच्यावर उमटतात. १८८० साली हेन्री ड्रेपर यांनी ५१ मिनिटे दुर्बीण रोखून मृगातील तेजोमेघाचे पहिले छायाचित्र घेतले होते. दोनच वर्षांनी ड्रेपर वारले. त्यांच्या पत्नीने हे काम पुढे चालावे म्हणून हार्वर्ड वेधशाळेला पैसे दिले.

रात्री पुरुष दुर्बिणीवर बसत आणि छायाचित्रे घेत. दिवसा फ्लेमिंगबाई आणि त्यांच्या सहकारी स्त्रिया भिंग घेऊन त्या काचा तपासत. काचेवर सारे उलटे असे : आकाश फिके आणि तारे काळे. ताऱ्यांच्या वर्णपटांचे निरीक्षण करून बाईंनी दहा हजारांहून अधिक ताऱ्यांचे वर्गीकरण केले. ते १८९० साली प्रसिद्ध झाले.

पिकरिंग यांच्या धाकट्या भावाने ६ फेब्रुवारी १८८८ रोजी मृग नक्षत्राचे एक छायाचित्र घेतले होते. ती काच तपासताना अल-निताकच्या दक्षिणेला बाईंना एका तेजोमेघात अर्धवर्तुळाकार खाच दिसली. काचेवरचा डाग म्हणून कोणीही ती सोडून दिली असती. बाईंनी तिची नोंद केली. तोच आजचा प्रसिद्ध अश्वशीर्ष मेघ! ती खाच म्हणजे धुळीचा दाट ढग असून तो मागील चमकणाऱ्या वायूचा प्रकाश अडवतो, हे पुढे समजले.

पण १८९५ साली तेजोमेघांची मोठी यादी छापली गेली, तेव्हा शोधाचे श्रेय पिकरिंग यांच्या नावावर गेले. बाईंचे नावच त्यात नव्हते! पगाराचीही तीच गत. १९०० साली त्यांना वर्षाला १५०० डॉलर मिळत, तर काही पुरुष साहाय्यकांना २५००. घर चालवायचे, मुलाला शिकवायचे. बाईंना हा अन्याय फार बोचे. आपली तक्रार त्यांनी संचालकांपुढे मांडली आणि रोजनिशीतही लिहून ठेवली. मात्र काम कधी सोडले नाही.

त्यांनी ५९ तेजोमेघ, १० नवतारे आणि तीनशेहून अधिक रूपविकारी तारे शोधले. १८९९ साली वेधशाळेतील सर्व छायाचित्रांची देखरेख त्यांच्याकडे आली. लंडनच्या रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने १९०६ साली त्यांना सन्मान्य सदस्यत्व दिले. मेघांच्या १९०८ सालच्या नव्या यादीत त्यांच्या शोधांना त्यांचे नाव मिळाले. २१ मे १९११ रोजी न्यूमोनियाने त्यांचे निधन झाले.

मित्रांनो, थंडीतील एखाद्या रात्री अल-निताक तारा शोधा. त्याच्याजवळचा काळा घोडा तुम्हांला दिसणार नाही. पण जे दुर्बिणीवर बसणाऱ्यांच्याही नजरेतून सुटले, ते दिवसाच्या उजेडात, काचेवर वाकून पाहणाऱ्या एका कष्टाळू बाईंना दिसले, हे मात्र तुम्हांला नक्की आठवेल.